खोडवा मोडल्यावर वाडा बसवायचा आहे : किती मेंढरं, किती रात्री? आणि वाडे येईनासे का झालेत?

रानवाट_खटाव

मायणी-विटा पट्ट्यातलं अडीच एकर रान आहे, मध्यम काळं. उसाचा दुसरा खोडवा (तोडीनंतर बुडख्यांना फुटून आलेलं पीक) मार्चअखेर तुटेल. यंदा तिसरा ठेवायचा नाही, जूनमध्ये सोयाबीन करायचं. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मेंढरं बसवायची आहेत. या भागात पूर्वी दिवाळी झाली की माण तालुक्याकडून वाडे, म्हणजे बिऱ्हाडासह फिरणारे मेंढपाळांचे कळप, उतरायचे आणि परततानाही थांबायचे. आता वाडा शोधावा लागतो. जाणकारांनी नीट आकडे सांगावेत : एकराला किती मेंढरं, किती रात्री, रानाची तयारी काय, मेंढपाळाला काय पुरवायचं, काय चुकतं. आणि वाडे कमी होण्याचं खरं कारण काय? "पोरांना मेंढरामागं जायचं नाही" हे उत्तर सगळे देतात, ते पुरेसं वाटत नाही.

लेंडी_आणि_माती

आधी हिशोब. वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, मेंढरू दाटीनं बसतं. एका मेंढराला दहा-अकरा चौरस फूट धरा आणि गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे शंभर मेंढरं एका रात्रीत एक गुंठा खतवतात. चारशेचा वाडा असेल तर रात्रीला चार गुंठे, एकराला दहा रात्री, तुमच्या अडीच एकराला पंचवीस. एवढे दिवस कुठलाच वाडा एका ठिकाणी थांबत नाही, कारण तेवढी चराई आसपास नसते. म्हणून अख्खं रान एका वर्षात करायचा हट्ट धरू नका. जिथं ऊस पिवळा पडत होता, जिथं चुनखड वर आली आहे, ते एक एकर यंदा करा. उरलेलं पुढच्या दोन वर्षांत.

रात्रभरात एका मेंढरामागं ओली लेंडी साधारण ३०० ते ५०० ग्रॅम पडते. एकराला सव्वा ते दोन टन झाली. ट्रॉलीच्या हिशोबानं हे थोडं वाटेल, पण शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात आणि वाळल्या लेंडीखतात तीन टक्क्यांपर्यंत. शिवाय मूत थेट मातीत जातं. विकत आणलेल्या लेंडीखतात ते नसतं, बसवणीचा खरा फायदा तोच.

आणि तोच सगळ्यात आधी वाया जातो. एप्रिलच्या उन्हात मुताचा नत्र दोन-तीन दिवसांत वास होऊन उडतो. वाघर पुढं सरकली की मागच्या चार गुंठ्यांवर कुळव किंवा रोटर फिरवा, निदान दोन दिवसांच्या आत तरी. सगळं एकर झाल्यावर एकदम नांगरू, असं म्हणणारे निम्मा माल हवेत सोडतात.

उसाचं पाचट (वाळका पाला) जाळू नका. उलट पाचटाची कुट्टी करून पसरा आणि तिच्यावरच वाघर लावा. कोरडं पाचट मूत धरून ठेवतं आणि मुतातल्या नत्रानं पाचट लवकर कुजतं, दोघांची गरज एकमेकांत भागते. फक्त कुट्टी बारीक हवी. लांब पाचटात मेंढरांचे पाय अडकतात आणि लोकरीत कचरा बसतो.

चुका ज्या होतात त्या अशा. ठिबकच्या नळ्या तशाच ठेवतात, खुरांनी फुटतात, मग भांडण. आधी गुंडाळा. वळवाचा पाऊस होऊन काळं रान ओलं असेल तर दोन दिवस वाघर माळावर किंवा बांधावर घ्या. ओल्या काळ्यात चारशे मेंढरं बसली की वरचा थर पाट्यासारखा घट्ट होतो. लेंडी उघडी ठेवून पहिल्या वळवापर्यंत थांबलात तर हुमणीचे भुंगेरे अंडी घालायला तिथंच येतात. आणि एकाच जागी तीन-तीन रात्री बसवून त्यावर लगेच सोयाबीन पेरलं तर ते नुसतं माजतं, शेंगा धरत नाही. सोयाबीनच्या आधी एक रात्र भरपूर झाली. दोन रात्रींची जागा मक्याला किंवा पुढच्या उसाला ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वाडा वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आला असेल तर लेंडीतून तिचं बी सगळ्या रानात जातं आणि पावसाळ्यात रोपं उगवतात. पहिल्या कोळपणीतच उपटा. मूळ खोल गेलं की पुढं ती कुऱ्हाडीनंच निघते.

माणदेशी_माळ

कारणांबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न खरंच अर्धवट सोडला जातो.

मेंढरं कमी झाली म्हणून वाडे कमी झाले, हे पहिलं चुकीचं उत्तर. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. २०१२ पेक्षा थोड्या जास्तच. मेंढरू आहे. त्याची वाट मोडली आहे.

ही वाट पावसानं आखलेली होती. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या माळावर गवत येतं ते परतीच्या पावसावर, भाद्रपद-आश्विनात. दिवाळीपर्यंत ते संपतं. त्याच वेळी पश्चिमेला पाटणच्या खोऱ्यात आणि घाटाखाली कोकणात भात कापलं जातं, आणि ती रानं पुढच्या मृगापर्यंत मोकळी असतात. वाडे निघायचे ते या मोकळ्या रानांच्या अंदाजानं : कृष्णाकाठ, मग कराड-पाटण, काही कुंभार्ली घाटानं चिपळूणकडं, फलटण-खंडाळा बाजूचे वरंध्यानं महाडकडं. चैत्र-वैशाखात उलटा प्रवास आणि मृग निघायच्या आत माळावर परत. पश्चिमेचा पाऊस दख्खनी मेंढराला सोसत नाही. लोकर भिजून जड होते, खूर कुजतात, चिखलात कोकरं मरतात. त्यामुळं परतीची तारीख मागं-पुढं करता येत नव्हती.

आता याच वाटेवर एक-एक टप्पा तपासा. कृष्णाकाठी शाळू, हरभरा, भुईमूग निघाल्यावर माघापासून रान रिकामं व्हायचं. तिथं ऊस आला. आडसाली लावण सोळा-अठरा महिने उभी, वर खोडवा, म्हणजे एकच रान सलग तीन-तीन वर्षं बंद. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी पूर्वेला आलं हे फार चांगलं झालं, दुष्काळात होरपळलेल्या गावांचा तो हक्कच होता. पण त्या पाण्याबरोबर माळ फुटला आणि डाळिंब, द्राक्षं, ऊस घरापर्यंत आले. पावसाळ्यात मेंढरं जिथं चार महिने राहायची, तीच जागा गेली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाल्यावर कोयना-चांदोलीच्या अंगाच्या जुन्या चराया बंद झाल्या. पुणे-बंगळुरू महामार्ग सहापदरी होऊ लागला आणि कळप ओलांडायला खालचा बोगदा गाठण्यासाठी तीन-चार किलोमीटरचा वळसा पडू लागला.

वाडा दिवसाला आठ-दहा, फार तर पंधरा किलोमीटर चालतो. दोन तळांमधलं अंतर त्याहून वाढलं की ती वाट बंद. मधलं एक गाव "आमच्याकडं नको" म्हणालं तर पुढची दहा गावं आपोआप तुटतात. म्हणून वाट हळूहळू अरुंद झाली नाही. एखाद्या वर्षी अचानकच संपली, असं बऱ्याच गावांत दिसतं. पोरं शिकली, नोकरीला गेली, हे खरं आणि चांगलंही. पण चराई शाबूत असती तर निम्मी घरं आजही निघाली असती.

गोठा_पद्धत

वाट मोडली म्हणून रडण्यापेक्षा बंदिस्त पाळणं शिकावं, असं माझं मत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळं देणारा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. गोठ्यात ती चांगली चालते. जतची माडग्याळ तर वजनाला आणि दराला सगळ्यांच्या वर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडी आणि रांजणीला जवळच आहेत.

माणदेशी_माळ

@गोठा_पद्धत, दहा-वीस मेंढ्यांना तुमचं म्हणणं पटतं. शंभराचा हिशोब करून बघा. तीस-पस्तीस किलोच्या मेंढीला रोज एक किलोच्या वर कोरडा चारा लागतो, हिरवा धरला तर तीन-चार किलो. शंभर मेंढ्यांना रोजचा एक क्विंटल कोरडा, वर्षाला साडेतीनशे क्विंटलच्या वर. एवढा चारा पिकवायला बागायत रान पाहिजे, आणि वाडे घेऊन फिरणाऱ्यांतल्या बहुतेकांकडं तेच नाही. चालणाऱ्या कळपाला हा चारा बांधावर आणि काढलेल्या रानात फुकट मिळतो, बदल्यात तो खत देतो.

जुळ्यांचंही तसंच. गोठ्यात जुळी म्हणजे फायदा. वाटेवर आईला दोघांपुरतं दूध उतरत नाही, एक कोकरू मागं पडतं. म्हणूनच वाड्यातली माणसं एकाच पण दणकट कोकराची मेंढी निवडत आली. माडग्याळ उंच, बाकदार नाकाची, वाढीला जोरदार, पण खाणंही तेवढंच. काळी दख्खनी थोडक्यात भागवते आणि लांब चालते. कुठली मेंढी बरी, हे तिला कुठं ठेवायचं त्यावर ठरतं.

पशुवैद्यक_जत

बसवणाऱ्या शेतकऱ्यानं आणि वाड्यानं, दोघांनी लक्ष द्यायच्या गोष्टी लिहितो. या पट्ट्यात मेंढरं मरतात ती बहुतेक याच कारणांनी, आणि बहुतेक टाळता येतात.

सगळ्यात आधी द्राक्षबाग. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागात बागेखालचं तण चरायला बोलावतात. बागेवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना पडलेलं असतं. मोरचुदात तांबं असतं. गाईला जे तांबं सोसतं ते मेंढीला सोसत नाही. ते यकृतात साठत जातं, आठवडे काही दिसत नाही, आणि एक दिवस लघवी लाल-काळी, डोळे पिवळे, दोन दिवसांत मेंढी गेली. तोवर उपाय फार थोडा उरतो. बोर्डो मारलेल्या बागेत मेंढी घालू नये, हाच नियम. याच कारणानं गाईचं खनिज मिश्रणही मेंढीला देऊ नये.

दुसरं, शाळू-ज्वारीचा फुटवा. कापणीनंतर पाणी मिळून गुडघ्याखालचा कोवळा फुटवा आला की त्यात विष असतं, आपल्याकडं किराळ लागणं म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांत धाप, थरथर, आडवं पडणं. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर उठतं, म्हणून डॉक्टरला फोन करताना "किराळ लागलंय" असंच सांगा, म्हणजे ते औषध घेऊनच निघतात.

तिसरं, ठिबकची खताची टाकी. युरिया विरघळवलेलं पाणी उघड्या पिंपात असतं, तहानलेली मेंढरं पितात आणि तासाभरात फुगून पडतात. शिरका थंड पाण्यात मिसळून पाजला तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतो. पिंपाला झाकण ठेवणं त्याहून सोपं. तणनाशक मारलेला बांध कुठला, ते मेंढपाळाला आधी दाखवा. मळणीच्या खळ्यावर सांडलेली ज्वारी, मका झाडून घ्या. दाणा जास्त खाल्ला की पोटात आम्ल होऊन मेंढी बसते, ती बऱ्याचदा उठत नाही.

लसींचं वेळापत्रक वाटचालीशी जोडावं लागतं. आंत्रविषार आणि घटसर्प मृगाच्या आधी, म्हणजे माळावर परतल्या-परतल्या. कोवळं गवत आल्यावर आंत्रविषाराची लस देऊन उपयोग नाही, कारण अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसारख्या रोगाची) लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. देवीची थंडीत. पाऊस उघडल्यावर चिलटं वाढतात, तेव्हा नीलजिव्हा येतो : ओठ सुजतात, जीभ निळसर, खुराच्या वरच्या कडेला लाली आणि लंगडणं. संध्याकाळी वाघरीच्या वाऱ्याकडच्या अंगाला लिंबाच्या पाल्याचा धूर करतात, तो खरोखर कामाचा आहे.

जंताचं औषध सगळ्यांना एकच देऊ नका. कोकणातून किंवा कालव्याकाठून आलेल्या कळपात गोगलगाईमार्फत येणारा यकृतातला चपटा जंत असतो. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, ती त्याची एक खूण. त्याला ऑक्सिक्लोझॅनाइडसारखं वेगळं औषध लागतं. आणि आषाढात मेंढे सोडल्यावर पहिला महिनाभर गाभण मेंढीला अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भाला अपाय होतो.

खूर कुजत असतील तर १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उभं करा. मोरचुदाच्या पाण्यानंही भागतं, पण मेंढरं ते पिणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. कारण वर सांगितलंच.

रानवाट_खटाव

फारच उपयोगी. मोरचुदाचं माहीतच नव्हतं, शेजारी द्राक्षबाग आहे. दोन गोष्टी राहिल्या. वाड्याला नक्की काय-काय पुरवायचं? आणि वाडा मिळवायचा कसा, कारण वाट बघून कुणी येत नाही. लोकरीचं काही होतं का, तेही कुणी सांगावं.

सनगर_आळी

लोकरीचं थोडक्यात. वर्षाला दोन कातरण्या, एक पावसाळ्याच्या तोंडावर, एक दिवाळीच्या सुमाराला. दख्खनी मेंढीची एका कातरणीला पाव ते अर्धा किलो जाड लोकर. एका घोंगडीला दोन-तीन किलो लागते. घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचे माग आता मोजके आहेत. चिंचोक्याची खळ देऊन ताणा करणारी माणसं म्हातारी झाली. आज कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या दरापेक्षा जास्त होते, त्यामुळं बरेच जण लोकर तळावरच टाकून जातात. जावळाची, म्हणजे कोकराची पहिली लोकर मात्र टाकू देऊ नका. मऊ असते, तिच्या घोंगडीला अजून गिऱ्हाईक आहे. टाकाऊ लोकर डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, ओल धरते आणि सावकाश कुजून नत्र देते.

कुंभार्ली_वाट

वाड्याला पुरवायच्या गोष्टीत पहिलं पाणी. उन्हाळ्यात एका मेंढराला रोज चार-पाच लिटर धरा, चारशेला दोन हजार लिटर. विहिरीवर मोटर आणि एक लांब उथळ हौद हवा. खोल टाकी नको, कोकरं पडतात. भारनियमनात मोटर बंद असेल तर आदल्या रात्री हौद भरून ठेवा.

दुसरं, तळाची जागा. चार-पाच घरांची बिऱ्हाडं, घोडी, कोंबड्या, कुत्री. रानाच्या कडेला थोडं उंच, झाडाखाली, वाघरीपासून हाकेच्या अंतरावर. मेंढरं गडी नेतात, पण तळ मोडणं, घोड्यावर लादणं, पुढच्या रानात चूल मांडणं हे सगळं बाया करतात. म्हणून पिण्याचं पाणी आणि आडोसा कुठं, हे त्यांना विचारून ठरवा. कारभाऱ्याशी बोलून झालं की सगळं झालं, असं समजू नका.

तिसरं, रोजची चराई. मेंढरू रात्री तुमच्या रानात बसतं, पण दिवसभर खातं आसपास. तुमच्या शिवारात चार-पाच शेतकऱ्यांची रानं एकाच वेळी मोकळी असतील तरच वाडा आठवडाभर टिकतो. शेजाऱ्यांना आधी गाठा. चौघांनी मिळून वाडा बोलावला तर प्रत्येकाला थोड्या-थोड्या रात्री मिळतात आणि "माझ्या बांधावर का आणली" हा तंटा मिटतो.

मोबदला पूर्वी रात्रीला पायलीच्या मापानं ज्वारी-बाजरी असा असायचा. आता रोख रक्कम ठरते, शेकड्यावर किंवा वाड्यावर. धान्य आणि मिठाची पिशवी वरून दिली तर मान राहतो. किती रात्री, वाघर कोण सरकवणार, पाऊस आला तर त्या रात्रीचे पैसे धरायचे का, हे पहिल्या दिवशीच चार माणसांसमोर बोला. भांडणं बहुतेक शेवटच्या मुद्द्यावर होतात.

रात्री लांडगा आणि चोर, दोन्हींची राखण असते. वाघर नायलॉनची असली तरी खुंट लाकडाचेच लागतात. मुरमाड रान असेल तर पहारीनं भोकं पाडून द्या. कुत्र्यांना तुमच्या गावच्या कुत्र्यांपासून दूर ठेवा, पिसाळण्याची भीती नेहमी तिथूनच येते.

वाडा मिळवायला मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीआधी लोणंद, म्हसवड, आटपाडीच्या बाजारात मेंढपाळ जमतात, तिथं निरोप द्या : गाव, रान किती, कधी रिकामं होणार, पाणी कुठलं. वाटेचा अंदाज तिथंच ठरतो. यंदा वेळ गेली असेल तरी परतीच्या वाटेवरचे वाडे चैत्रात कराडकडून पूर्वेला सरकतात, ते तुमच्या मार्चअखेरच्या तोडीला बरोबर जुळतं. कराड-विटा रस्त्यावर दिसलेल्या पहिल्या कळपाजवळ थांबून फोन नंबर घ्या. एका वाड्याला मागचे वाडे कुठं आहेत हे माहीत असतं.

आणखी एक, तुमच्या रानात बसणाऱ्यांना विचारा की राज्य सरकारच्या मेंढपाळांसाठीच्या महामेष योजनेतलं चराई अनुदान मिळतं का. भटक्या जमाती क प्रवर्गातल्या, किमान वीस मेंढ्या आणि एक नर असलेल्या मेंढपाळाला जून ते सप्टेंबर महिन्याला सहा हजार, असे चोवीस हजार. अर्ज ऑनलाइन असतो आणि अर्ज भरायच्या दिवसांत माणसं वाटेवर असू शकतात. तुमच्या घरात नेट आहे, कागद असतील तर बसून भरून द्या.

लेंडी_आणि_माती

कुंभार्लींच्या चार शेतकऱ्यांच्या मुद्द्याला एक जोड. चौघांनी खोडवा एकाच वर्षी मोडायचं ठरवलंत तर वीस-पंचवीस एकरांचं सलग मोकळं रान तयार होतं. एवढं दिसलं की वाडा वाट वाकडी करूनसुद्धा येतो. कारखान्याच्या तोडीच्या तारखा आत्ताच एकमेकांना विचारून घ्या. पंधरा दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तुटलेल्या रानात तेवढे दिवस पाणी सोडू नका, नाहीतर बुडख्यांना फुटवा येईल आणि मालकाला खोडवा मोडायचा जीव होणार नाही.

रानवाट_खटाव

तिघांशी आजच बोलणं झालं. दोघांची तोड मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, एकाची एप्रिलच्या पहिल्या. हौदाचं काम या महिन्यात करून घेतो. द्राक्षबागेच्या बाजूला काटेरी फांद्यांचं कुंपण पुरेल की जाळी लागेल?

पशुवैद्यक_जत

काटेरी फांद्या रात्रीला पुरतात, दिवसा नाही. बाभळीची असेल तर मेंढरं आधी तिच्या शेंगा-पाल्यालाच लागतात आणि दोन दिवसांत वाट होते. तीन फुटी जाळी बांधा आणि बागेच्या बाजूच्या दोन वाघरी सगळ्यात शेवटी लावा.